गावाचा माठ

डोंगरावर तळे आणि तळ्यापलीकडे धबधबा, हे दोन्ही एका दिवसात पाहायचे तर मुंबईकराला हिमालय गाठावा लागत नाही. नेरळला उतरावे, दस्तुरीपर्यंत मोटारीने जावे आणि पुढे मुकाट्याने चालू लागावे. माथेरानात मोटारीला मज्जाव आहे, हा त्या गावाचा आपल्यावर उपकारच. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब येथे चढून आले, १९०७ साली झुकझुक गाडीही आली. पण शार्लोट तलावाकडे चालत जाण्यातली गोडी निराळीच.

तळे आहे बांधलेले. जांभ्याच्या त्या माथ्यावर पाऊस धो धो पडतो, पण पाणी ठरत नाही. म्हणून ते अडवायचे आणि गावाला पाजायचे. पावसाळ्यात तळे भरले की बंधाऱ्यावरून उरलेले पाणी सांडते, खडकांवरून घसरत दरीत उडी घेते. तोच आपला धबधबा! म्हणजे आपण कौतुकाने पाहतो ते गावाला साठवता न आलेले पाणी. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मात्र त्याची फार आशा धरू नये.

२०२३ च्या भाद्रपदात आमच्या आत्याबाईंना तळ्याकाठच्या पिसारनाथाचे दर्शन हवे होते. वय शहात्तर, गुडघे त्याहून थोरले. समोर हातरिक्षा उभ्या होत्या.

"माणसानं ओढायचं आणि मी बसायचं? छे!" म्हणून त्या चालू लागल्या. (हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली सांगितले, आत्याबाईंचा निकाल दोन वर्षे आधीचा.) दर शंभर पावलांना बसकण, दर बसकणीला पाण्याचा घोट. त्या तळ्यापर्यंत पोचतील की मला परत फिरावे लागेल, याचा मला शेवटच्या वळणापर्यंत भरवसा नव्हता.

काठावर कॉलेजातली चार मुले सदरे काढून उडी मारायच्या बेतात. चहावाला नको म्हणत होता, ती हसत होती. मी घसा खाकरला, एवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "बाळांनो, कुणाच्या घरी पाणी प्यायला गेलात, तर माठात पाय घालता का रे?"

माझे व्याख्यान तसेच राहिले. मुलांनी सदरे चढवले. दर्शन झाल्यावर आत्याबाईंना धबधबा पाहायचा होता. त्यांतल्याच एकाने त्यांचे कोपर धरले. शेवाळलेला जांभा साबणासारखा निसरडा असतो, म्हणून दहा पावले अलीकडेच थांबलो. दरीत धुके भरलेले. नुसता आवाज येत होता.

"दिसत काहीच नाही रे," आत्याबाई त्या मुलाला म्हणाल्या, "पण थांबू या थोडं."