मेमरीतच गणित: मेमरिस्टर कम्प्युटरची वीज वाचवेल का?

एआयमुळे डेटा सेंटरच्या विजेची चर्चा सुरू आहे. पण ही सगळी वीज आकडेमोडीवर खर्च होत नाही. बरीचशी वीज मेमरी आणि प्रोसेसर यांच्यात डेटाची ने-आण करण्यात जाते. स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार, साध्या बेरजेच्या हजारो पट ऊर्जा एक आकडा मुख्य मेमरीतून आणायला लागते.

मग बेरीज मेमरीतच केली तर?

मेमरिस्टर म्हणजे काय?

हा असा घटक आहे, ज्याचा विद्युत रोध बदलता येतो आणि वीज गेली तरी तो तसाच राहतो. रोध कमी म्हणजे १, जास्त म्हणजे ०. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली. एचपी लॅब्जने २००८ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडपासून असा घटक बनवल्याचं जाहीर केलं.

त्यातून लॉजिक कसं बनतं?

इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतले शहार क्वातिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'मॅजिक' नावाची पद्धत मांडली. दोन मेमरिस्टरमध्ये माहिती असते. तिसऱ्यात आधीच १ लिहून ठेवतात आणि मग व्होल्टेज देतात. पहिल्या दोघांपैकी एकातही १ असेल, तर पुरेसा करंट वाहून तिसरा ० होतो. दोन्ही ० असतील, तर तो १ राहतो. हेच 'नॉर' गेट. फक्त नॉर गेट जोडून कुठलंही लॉजिक सर्किट बनवता येतं.

मग अडलंय कुठे?

इथे गणिताची प्रत्येक पायरी म्हणजे मेमरीत नव्याने लिहिणं. मेमरिस्टर लिहून लिहून झिजतो आणि दरवेळी रोध अगदी तेवढाच येईल याची खात्री नसते. एचपीने 'द मशीन' हा कम्प्युटर मेमरिस्टरवर उभारायचं ठरवलं होतं. पण २०१७ मध्ये दाखवलेल्या १६० टेराबाइटच्या नमुन्यात नेहमीचीच डीरॅम मेमरी होती.

भारतात काय सुरू आहे?

बंगळुरूच्या आयआयएससीने २०२४ मध्ये १६,५०० वेगवेगळ्या अवस्था साठवू शकणारा रेणूंचा थर तयार केला. तो मात्र ०-१ च्या गेटसाठी नाही. एआयला लागणारे मॅट्रिक्सचे गुणाकार मेमरीतच करणं हा त्याचा उद्देश आहे. त्यात आकडे एकदा लिहून अनेकदा वाचता येतात, त्यामुळे झीजही कमी.

म्हणूनच 'मेमरीत चालणारा कम्प्युटर आला' अशी बातमी दिसली, तर वेगाच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारा: या चिपवर किती वेळा लिहिता येतं?