तारांकन कुणाच्या नावापुढे?

मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने आपल्या अधिकृत नोंदवहीत मोठी दुरुस्ती केली. १९२० ते १९४८ या काळात ‘निग्रो लीग’मध्ये खेळलेल्या २३०० हून अधिक खेळाडूंची आकडेवारी मुख्य नोंदीत सामील झाली. त्याबरोबर टाय कॉबचा .३६७ सरासरीचा जुना विक्रम मागे पडला आणि .३७२ सरासरी असलेला जॉश गिब्सन पहिल्या क्रमांकावर आला. बेसबॉलमधली सरासरी आपल्या क्रिकेटसारखी नसते. .३७२ म्हणजे मोजल्या जाणाऱ्या दर हजार संधींमागे ३७२ यशस्वी फटके. फटक्यांच्या ताकदीचा जो आकडा मांडतात, त्यातही गिब्सनने .७१८ सह बेब रूथच्या .६९० ला मागे टाकले.

या निर्णयानंतर एक तक्रार सुरू झाली, ती आपल्याही ओळखीची आहे. ‘आता इतिहासातही आरक्षण आले’, ‘भावनेपोटी आकडे बदलले’. ही तक्रार मला खोटी वाटते. का, ते सांगतो.

पहिला आक्षेप असा की निग्रो लीगचे मोसम साठ-ऐंशी सामन्यांचे होते, आणि छोट्या मोसमात सरासरी फुगते. छोट्या मोसमात आकडे वरखाली होतात, हे खरेच आहे. पण हा नियम सर्वांना लावा. २०२० मध्ये कोरोनामुळे मेजर लीगचा मोसम अवघ्या ६० सामन्यांचा झाला आणि तो पूर्णपणे धरला गेला. त्याहून जुने उदाहरण घ्या. कोणत्या लीगला ‘मेजर’ म्हणायचे, हे १९६९ मध्ये एका समितीने ठरवले. तिने सहा लीगना मान्यता दिली. त्यात १८८४ मध्ये एकच मोसम चाललेली युनियन असोसिएशन होती. त्या लीगमधला विल्मिंग्टनचा संघ १८ सामने खेळून बंद पडला होता! तरी ती ‘मेजर’ ठरली. निग्रो लीगचा मात्र विचारही झाला नाही. तेव्हा अडचण सामन्यांच्या संख्येची होती, असे कुणी सांगू नये.

आणि ते मोसम छोटे का होते? काळ्या संघांना मैदाने बहुधा गोऱ्यांकडून भाड्याने घ्यावी लागत. पोट भरण्यासाठी ते गावोगावी फिरून मिळेल त्या संघाशी खेळत. ते सामने अधिकृत नोंदीत धरलेले नाहीत. म्हणूनच हॉल ऑफ फेममधल्या गिब्सनच्या फलकावर जवळपास ८०० होमरनचा उल्लेख आहे, तर अधिकृत यादीत २०० सुद्धा नाहीत. आकडे फुगवले असते, तर हे ८०० धरले नसते का?

दुसरा आक्षेप दर्जाचा. गिब्सनने सर्वोत्तम गोऱ्या पिचरांसमोर लीगचे सामने खेळले नाहीत, असे म्हणतात. बरोबर. मग रूथ आणि कॉब यांनी तरी सर्वोत्तम काळ्या पिचरांसमोर लीगचे सामने कुठे खेळले? सॅचेल पेज तारुण्यात होता तेव्हा मेजर लीगचे दार बंद होते. १९४८ मध्ये त्याला क्लीव्हलँडने घेतले, तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. १९६१ मध्ये रॉजर मॅरिस रूथचा ६० होमरनचा विक्रम मोडायला निघाला, तेव्हा कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केले की १५४ सामन्यांनंतर मोडलेला विक्रम वेगळी खूण करून दाखवावा, कारण मोसम आता १६२ सामन्यांचा झाला होता. आठ सामन्यांच्या फरकासाठी तारांकनाची चर्चा झाली. अख्ख्या समाजाला बाहेर ठेवून झालेल्या विक्रमांपुढे तारांकन लावावे, असे मात्र त्यांना सुचले नाही.

दर्जाचा पुरावाच हवा असेल, तर तोही आहे. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. त्यानंतर १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार नऊ वेळा रॉबिन्सन, कॅम्पनेला, मेज, न्यूकम, अ‍ॅरन आणि बँक्स या सहा जणांत वाटला गेला. हे सहाही जण आधी निग्रो लीगमध्ये खेळलेले होते. जिथून असे खेळाडू येतात ती लीग दुय्यम होती, असे म्हणणाऱ्याने आधी हा हिशेब खोडून दाखवावा.

माझे भांडण मेजर लीगशीही आहे. २०२० मध्ये निग्रो लीगला मान्यता देताना तिने हे पाऊल म्हणजे जुन्या नजरचुकीची दुरुस्ती असल्याचे सांगितले. नजरचूक? नजरचूक एखाद्या दुपारी होते, साठ वर्षे होत नाही. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर टोलेडोकडून मेजर लीगमध्ये खेळला होता. त्यानंतर ते दार १९४७ पर्यंत काळ्यांसाठी बंद ठेवले गेले, आणि बॉस्टनच्या रेड सॉक्स संघात तर पहिला काळा खेळाडू १९५९ मध्ये आला. हा अन्याय होता, आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. शिवाय निग्रो लीगला ‘दर्जा दिला’ ही भाषाही चुकीची आहे. दर्जा होताच. नोंदवही ठेवणारे उशिरा शुद्धीवर आले. गिब्सन २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी गेला. रॉबिन्सनच्या पदार्पणाला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते. त्याच्या कबरीवर अनेक वर्षे साधा दगडही नव्हता. .३७२ हा आकडा त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.

मग हे आकडे मिळाले कुठून? गोऱ्यांच्या बहुतेक वर्तमानपत्रांनी या सामन्यांकडे पाठ फिरवली होती. ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘शिकागो डिफेंडर’ अशा काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी धावफलक छापले. पुढे चिकाटीच्या संशोधकांनी जुने अंक चाळून एकेक सामना गोळा केला. त्या वार्ताहरांनी ‘आपल्याला कोण विचारतो’ म्हणून लेखणी खाली ठेवली असती, तर आज गिब्सन ही फक्त दंतकथा उरली असती.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले होते. तिकडच्या काळ्यांचा प्रश्न मराठी माणसाला तेव्हाच परका नव्हता. म्हणून मराठी मुसलमान वाचकांना, आणि ज्यांची दखल घ्यायला इतरांना वेळ नसतो त्या सगळ्यांना, माझे एकच सांगणे आहे. आपल्या शाळा, आपले खेळाडू, आपले लिहिणारे, आपल्या बायांचे कष्ट यांची नोंद आजच, तारीख-वारानिशी ठेवा. मोठ्या वहीत जागा मिळेल तेव्हा मिळेल. त्या दिवशी दाखवायला आपल्या हातात कागद असला पाहिजे.