जे-वन व्हिसा: स्पॉन्सर कोण, मालक कोण आणि पैसे कोणाचे?

शिराळा तालुक्यातील एका वस्तीवर मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. कर्जाच्या अर्जांमध्ये एक अर्ज वेगळा होता. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘मुलाचे अमेरिकेचे काम’. रक्कम साठ हजार. मुलगा पुण्यात नेटवर्क टेक्निशियन आहे. स्विच बसवणे, राउटर लावणे, रात्री-अपरात्री लिंक बंद पडली की धावणे, असे त्याचे काम. बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेला, सीसीएनए परीक्षा पास, अडीच वर्षांचा अनुभव. एका एजंटाने त्याला सांगितले होते की जे-वन व्हिसावर नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची नोकरी आहे, स्पॉन्सर तयार आहे, एकूण खर्च साडेतीन लाख. साठ हजार हा त्यातला पुढचा हप्ता.

आईने मला विचारले, “ताई, स्पॉन्सर म्हणजे तिकडचा मालकच ना?”

नाही. आणि सगळी फसवणूक याच एका शब्दाच्या आडून चालते.

जे-वन हा नोकरीचा व्हिसा नाही. अमेरिकेच्या १९६१ च्या सांस्कृतिक व शैक्षणिक देवाणघेवाण कायद्यातून तो आला. परदेशी माणसाने तिथे यावे, शिकावे आणि परत जावे, ही त्यामागची कल्पना. स्पॉन्सर म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था. ती अर्जदाराची कागदपत्रे तपासते, डीएस-२०१९ हे पात्रतेचे प्रमाणपत्र देते आणि मुदतभर त्याच्यावर लक्ष ठेवते. ज्या कंपनीत प्रत्यक्ष शिकायचे ती वेगळी, तिला होस्ट म्हणतात. बरेच स्पॉन्सर सांगतात की होस्ट तुम्हीच शोधून आणा. म्हणजे ‘स्पॉन्सर तयार आहे’ या वाक्याने निम्मे कामसुद्धा होत नाही.

पदवीधर आणि कामाचा अनुभव असलेल्या मुलांसाठी यात ‘ट्रेनी’ हा वर्ग आहे. मुदत जास्तीत जास्त १८ महिने. पदवी किंवा व्यावसायिक प्रमाणपत्र आणि त्याच क्षेत्रातला अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. पदवी नसेल तर पाच वर्षांचा अनुभव चालतो, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. शिक्षण चालू असलेल्यांसाठी किंवा पदवी मिळून वर्ष झाले नाही त्यांच्यासाठी ‘इंटर्न’ वर्ग आहे, त्याची मुदत १२ महिने.

त्या मुलाला मी एकच गोष्ट विचारली, “डीएस-७००२ पाहिलास का?” त्याने नावही ऐकले नव्हते. हा प्रशिक्षणाचा आराखडा असतो. कोणत्या टप्प्यात काय शिकवणार, देखरेख कोण करणार, मानधन किती, हे सगळे त्यात लिहावे लागते. त्यावर होस्ट, स्पॉन्सर आणि अर्जदार तिघांच्या सह्या लागतात. नियम स्पष्ट आहे. ट्रेनीला नेहमीच्या कर्मचाऱ्याच्या जागी वापरता येत नाही. कारकुनी काम २० टक्क्यांहून जास्त देता येत नाही. त्यामुळे ‘नेटवर्क अ‍ॅडमिनची रिकामी जागा भरायची आहे’ असे सांगून कोणी जे-वन विकत असेल, तर तो खोटे बोलतो आहे किंवा नियमभंगात तुम्हाला सामील करतो आहे. पकडले गेल्यावर विमानात बसवून परत पाठवतात ते मुलाला, एजंटाला नाही.

पैशाचे बोलू. सेविस शुल्क २२० डॉलर, व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर. दोन्ही मिळून सुमारे ३५ हजार रुपये. जुलै २०२५ च्या अमेरिकन कायद्यात आणखी २५० डॉलरच्या शुल्काची तरतूद झाली आहे. याशिवाय स्पॉन्सरची फी, सक्तीचा आरोग्य विमा आणि विमानभाडे. हा खर्च लहान नाही, पण प्रत्येक रकमेची पावती कोणाकडून मिळणार हे आधी कळते. आपल्याकडे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला नोंदणी बंधनकारक आहे आणि त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतो. नोंदणी आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. म्हणून हुशार एजंट स्वतःला ‘कन्सल्टंट’ म्हणवतो. स्पॉन्सर परदेशात प्रतिनिधी नेमू शकतो, पण त्यांच्यात लेखी करार असावा लागतो. तो करार मागा आणि स्पॉन्सरला थेट ईमेल करून खात्री करा. मान्य स्पॉन्सरांची यादी परराष्ट्र खात्याने खुली ठेवली आहे.

संगणकाच्या कामाचे आमिष कुठवर नेते हे मार्च २०२५ मध्ये देशाने पाहिले. म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेले ५४९ भारतीय हवाई दलाच्या दोन विमानांनी थायलंडमार्गे परत आणले गेले. परदेशात चांगली नोकरी लागली, असे समजूनच अशी मुले घराबाहेर पडतात.

पण एजंटाला दोष देऊन विषय संपत नाही. आपली मुले त्याच्याकडे का जातात? शिराळ्याच्या कितीतरी घरांतून मागच्या पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेल्या. गिरणीत काम लागायचे ते गाववाल्याच्या, जॉबरच्या ओळखीने, आणि जॉबरला दस्तुरी द्यावी लागायची. अस्पृश्य कामगारांना तर विणकाम खात्यात घेतच नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. म्हणजे ओळख हे भांडवल आहे आणि ते जातीने वाटले गेले आहे. आज होस्ट कंपनी शोधताना तेच होते. ज्याचा मामा न्यू जर्सीत आहे त्याला दोन फोनवर होस्ट सापडतो. आपल्या मुलाला तीच ओळख साडेतीन लाखांना विकत घ्यावी लागते, तीही बनावट निघते.

पुढची अडचण मुलाखतीची. जे-वन अर्जदाराने आपण परत येणार हे अधिकाऱ्याला पटवावे लागते. त्यासाठी ठरावीक कागदांची यादी नाही, अधिकारी एकूण परिस्थिती पाहतो. पण घर, जमीन, कुटुंबाचे उत्पन्न हे ‘परतीचे धागे’ मानले जातात. ज्याच्या आजोबांच्या नावावर सातबाराच नव्हता, त्याने कोणता धागा दाखवायचा? माझ्या मते आपल्या मुलांनी इथली नोकरी, तिची बढतीची वाट आणि परतल्यावर काय करणार याचा नेमका आराखडा हाच धागा म्हणून मांडावा. इंग्रजीची खात्री स्पॉन्सर आधीच करतो. मान्य परीक्षा, शिक्षणसंस्थेचा दाखला किंवा व्हिडिओ मुलाखत, यांपैकी एक चालते. मराठी माध्यमाच्या मुलांनी व्हिडिओ मुलाखतीला घाबरू नये, मात्र महिनाभर रोज बोलण्याचा सराव करावा.

कार्यकर्त्यांसाठी एक सूचना. जून २०२५ पासून विद्यार्थी आणि देवाणघेवाण व्हिसाच्या अर्जदारांना आपली सोशल मीडिया खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावी लागतात. अर्जात मागच्या पाच वर्षांतली खातीही लिहावी लागतात. मोर्च्यांचे फोटो, पोस्ट, सगळे समोर असते. खाते लपवणे म्हणजे खोटी माहिती देणे, आणि त्याची शिक्षा व्हिसा नाकारण्यापेक्षा मोठी असू शकते.

परतीच्या अटीबद्दलही गोंधळ आहे. काही जे-वनधारकांना मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट असते. कौशल्य यादीतून भारताचे नाव ९ डिसेंबर २०२४ पासून वगळले गेले, त्यामुळे त्या कारणाने ही अट आता लागत नाही. सरकारी निधी घेतला असेल तर मात्र ती राहते. एजंट याचा अर्थ ‘एकदा पोचलात की कायमचे’ असा सांगतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाल्यापासून जे-वनला मागचे दार म्हणून खपवणे वाढेल, असे मला वाटते. परतीची अट आपल्याला नवी नाही. ४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला, परतल्यावर दहा वर्षे नोकरीचा. १९१७ साली तो पाळायला ते बडोद्यात गेले, तेव्हा राहायला खोली मिळाली नाही.

आणि तिथे पोचल्यावर जात सुटते का? नेटवर्किंगच्या मुलांनी तरी सिस्कोचे प्रकरण वाचावे. ज्या कंपनीची सीसीएनए परीक्षा आपण देतो, तिच्यावर जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने एका दलित अभियंत्याशी जातीय भेदभाव झाल्याचा दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. दोन वरिष्ठांविरुद्धचा भाग २०२३ मध्ये मागे घेतला गेला. त्याच वर्षी सिअ‍ॅटलने जातीय भेदभावावर बंदी घातली, तर कॅलिफोर्नियातील विधेयक राज्यपालांनी नाकारले. ट्रेनी तर होस्टवर अधिकच अवलंबून असतो. त्रास झाला तर तक्रार स्पॉन्सरकडे करता येते, परराष्ट्र खात्याची जे-वन हेल्पलाइनही आहे. हे जाण्याआधी माहीत असावे.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. अशा प्रशिक्षणासाठी आपल्या मुलांना मदत करणारी योजना समाजकल्याण खात्याने का करू नये, हा प्रश्न आपल्या संघटनांनी निवेदनात घालायला हवा.

त्या मुलाने आता तीन स्पॉन्सरना स्वतः लिहिले आहे. एकाचे उत्तर आले, होस्ट आणा म्हणून. पुण्यातल्या त्याच्या जुन्या साहेबांचे एक मित्र टेक्सासमध्ये आहेत, त्यांना त्याने बायोडाटा पाठवला आहे. आईने साठ हजारांचा अर्ज मागे घेतला. एजंटाला आधी दिलेले अकरा हजार मात्र परत आलेले नाहीत. पावतीवर ‘मार्गदर्शन शुल्क’ असे लिहिले आहे.