आणीबाणी उठली म्हंजे काय उठलं?



दर २५ जूनला आणीबाणीवर भाषणं झडतात. सगळे एकवीस महिने मोजतात. मोजणीच खोटी आहे. २६ ऑक्टोबर १९६२ला चीनच्या लढाईत आणीबाणी लागली. महिन्याभरात लढाई थांबली, आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ला. पुन्हा ३ डिसेंबर १९७१. लढाई तेरा दिवसांत आटोपली, आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत मुक्कामाला. म्हंजे १९७५ला इंदिराबाईंनी दुसरी लावली तेव्हा पहिली अंगावर होतीच. घोंगडीवर घोंगडी! साडेचौदा वर्षांत साडेदहा वर्षं आणीबाणी. कारण संसदेनं एकदा मान डोलावली की तिला मुदतच नव्हती.

१९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं मुदत घातली. दर सहा महिन्याला पुन्हा दोन तृतीयांश मतं पाहिजेत. लोकसभेच्या एक दशांश सभासदांनी नोटीस दिली तर चौदा दिवसांत खास बैठक, आणि साध्या बहुमतानं आणीबाणी रद्द. कलम २१, जगण्याचा हक्क, आता आणीबाणीतही गोठवता येत नाही. चांगलं झालं, मी नाही कुठं म्हणतो?

पण दिल्लीत हे चाललं होतं त्याच साली आमच्या मराठवाड्यात काय चाललं होतं? २७ जुलैला नामांतराचा ठराव झाला आणि वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेला मारलं. तेव्हा आणीबाणी नव्हती. कलम २१ जिथल्या तिथं होतं. त्याला कुणी गोठवलं होतं?

आपल्यातले काहीजण म्हणतात, घटना बाबासाहेबांची, बोट दाखवू नका. अरे, घटनेचा आत्मा, घटनेचं हृदय असं बाबासाहेब ज्याला म्हणाले ते कोर्टात दाद मागायचं कलम ३२. आणि आणीबाणीत तेच बंद ठेवायची सोय कलम ३५९मध्ये, त्याच घटनेत. दोन्ही खरं आहे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते, हे त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ला बजावलं. त्यांचीच पोथी करून पूजायची होती तर ते बोलले कशाला?

आता खरी गोम ऐका. त्याच ४४व्या दुरुस्तीचं तिसरं कलम. चौकशीशिवाय डांबलेल्या माणसाला सल्लागार मंडळापुढं न नेता तीन महिने ठेवता येतं, ते दोनवर आणायचं. मंडळ हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनं नेमायचं. संसदेनं पास केलं. लागू करायची तारीख सरकारनं ठरवायची होती. जनता सरकारनं ठरवली नाही, इंदिराबाईंनी नाही, त्यानंतर आलेल्या एकानंही नाही. १९८१ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, आम्ही सरकारवर सक्ती करू शकत नाही. कागद तसाच पडून आहे. जेलात गेल्याची फुशारकी मारणारे सत्तेत बसले, तरी पडून!

२०२४मध्ये सरकारनं २५ जूनला 'संविधान हत्या दिवस' जाहीर केला. त्याच साली १० डिसेंबरला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली. दुसऱ्या दिवशी बंद, मग धरपकड, आणि १५ तारखेला आपला कायदा शिकणारा पोरगा न्यायालयीन कोठडीत गेला. कुठल्या आणीबाणीत गेला तो?

बोरीतल्या पोरांनो, येत्या २५ जूनला मंचावर जो पुढारी चढेल त्याला एवढंच विचारा : ४४व्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाची तारीख कधी काढताय? उत्तर मिळेस्तोवर माईक सोडू नका.