क्रमांक नको, मोजणी हवी

जागतिक नवोन्मेष निर्देशांकात २०१५ साली भारत ८१व्या स्थानावर होता. २०२५ साली तो ३८व्या स्थानावर आला. दहा वर्षांतल्या या त्रेचाळीस पायऱ्यांवर एक युक्तिवाद उभा आहे आणि तो व्यासपीठांवरून, अग्रलेखांतून, दीक्षान्त भाषणांतून सतत ऐकू येतो. देशाचे संशोधनाचे धोरण योग्य वाटेवर आहे, आणि ही ग्वाही आपली आपण दिलेली नाही, बाहेरच्या जगाने दिलेली आहे, असा तो युक्तिवाद.

हा पक्ष लेचापेचा नाही. निर्देशांक काढणारी जागतिक बौद्धिक संपदा संघटना ही संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे. २००७ पासून चालत आलेल्या या निर्देशांकात आज सुमारे ऐंशी निकष आहेत. त्याच्या सांख्यिकीची तपासणी युरोपीय आयोगाचे संयुक्त संशोधन केंद्र करते. एवढी काळजी घेतलेल्या निर्देशांकावर विश्वास का ठेवू नये, हा प्रश्न रास्तच आहे.

त्याचे पहिले उत्तर त्या अहवालातच आहे. एखाद्या देशाचा क्रमांक वर्षागणिक बदलतो तो केवळ त्या देशाच्या कामगिरीमुळे नव्हे. निकष बदलतात, काही देश यादीत येतात, काही गळतात, कुठे आकडे मिळत नाहीत, कुठे जुने वापरावे लागतात. या सगळ्याचा परिणाम क्रमांकावर होतो, म्हणून दोन वर्षांच्या क्रमांकांची सरळ तुलना जपून करा, असा इशारा संपादक स्वतः देतात. तपासनीस तर प्रत्येक देशाला एक क्रमांक न देता क्रमांकांचा पट्टा देतात. म्हणजे ३८ हा आकडा त्या पट्ट्यातला एक बिंदू आहे. बातमीत बिंदू येतो, पट्टा येत नाही.

आता एकच निकष जवळून पाहू. विद्यापीठे आणि उद्योग यांचे सहकार्य किती, हे निर्देशांकाने वर्षानुवर्षे कसे मोजले? जागतिक आर्थिक मंच देशोदेशींच्या कंपनी-अधिकाऱ्यांना एक प्रश्नावली पाठवतो. तुमच्या देशात हे सहकार्य कितपत आहे, एक ते सात यांपैकी गुण द्या, असा प्रश्न. झुरिकमधला अधिकारी स्वित्झर्लंडला गुण देतो, पुण्यातला भारताला. दोघांनी चार लिहिले तर दोन्ही देश समान ठरतात. पण झुरिकच्या माणसाच्या मनातली अपेक्षा आणि पुण्याच्या माणसाच्या मनातली अपेक्षा एक कशी असेल? किती करार झाले, किती संयुक्त प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, उद्योगाने विद्यापीठाला किती रुपये दिले, यांतले काहीच इथे मोजलेले नाही. मोजला आहे तो समज.

पेटंटचा निकष तरी टणक असेल, असे वाटते. तिथे संख्या आहे, नोंद आहे, सरकारी कार्यालय आहे. पण तिथे मोजले जातात ते अर्ज: देशातल्या रहिवाशांनी आपल्याच देशाच्या कार्यालयात किती अर्ज केले ते पाहायचे आणि अर्थव्यवस्थेच्या आकाराने भागायचे. आपल्याकडे अर्ज दाखल झाला की अठरा महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतो, आणि विनंती केली तर त्याआधीच. प्रकाशनासाठी परीक्षण व्हावे लागत नाही; परीक्षणासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. २०२१ साली शैक्षणिक संस्थांसाठी पेटंटचे शुल्क ऐंशी टक्क्यांनी कमी झाले. हेतू चांगला होता. पण त्याच वेळी महाविद्यालयांच्या मानांकनात आणि प्राध्यापकांच्या गुणांकनात प्रकाशित पेटंटलाही वजन मिळत होते. परिणाम कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये विचारा. अर्जात सहसंशोधक म्हणून नाव घालून देतो, अमुक रक्कम भरा, असे संदेश प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. प्रयोगशाळेची पायरी न चढता झालेला असा अर्ज देशाच्या आकड्यात जातो, आणि एखाद्या तरुणीने चार वर्षे खपून केलेला अर्जही त्याच आकड्यात जातो. मोजणाऱ्याच्या लेखी दोन्ही एकच. मला याचा राग येतो तो त्या तरुणीसाठी.

चीनने हाच अनुभव आपल्याआधी घेतला. प्रांतिक सरकारांनी पेटंटसाठी अनुदाने दिली, अर्जांचा पूर आला, आणि २०२१ साली तिथल्या बौद्धिक संपदा प्रशासनाला ही अनुदाने टप्प्याटप्प्याने २०२५ पर्यंत बंद करण्याचा आदेश काढावा लागला.

आणि ज्या काळात आपला क्रमांक चढला, त्याच काळात संशोधनावरच्या खर्चाचे काय झाले? २०२०-२१ साली भारताचा हा खर्च १ लाख २७ हजार कोटी रुपयांच्या घरात होता, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के. चीनचे प्रमाण त्या सुमारास २.४ टक्के, दक्षिण कोरियाचे जवळजवळ ४.८. आधीच्या दशकात आपले प्रमाण वाढले नाही, उलट किंचित उतरले. खर्चाचा वाटा उतरत असताना क्रमांक चढतो, तेव्हा तो कशाने चढतो हे विचारायला हवे. माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या निर्यातीच्या निकषात भारत अग्रस्थानी असतो. हिंजवडी आणि बंगळुरूच्या मेहनतीचे ते फळ आहे, ते कमी लेखायचे कारण नाही. पण परदेशी बँकेची जुनी प्रणाली सांभाळण्याचे बिल आणि नवी प्रणाली घडवण्याचे बिल निर्यातीच्या आकड्यात वेगळे दिसत नाही.

क्रमांकांच्या शर्यतीचा शेवट कसा होऊ शकतो, हेही आपण पाहिले आहे. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत भारत १४२वरून ६३वर आला, त्याचा मोठा गाजावाजा झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ती यादीच बंद केली, कारण चीन, सौदी अरेबिया वगैरे देशांच्या आकड्यांत गैरप्रकार आढळले. भारताचे नाव त्यात नव्हते. तरी ज्या शिडीवर चढल्याचा आनंद केला, ती शिडीच उरली नाही.

एवढे वाचून दुसऱ्या गटातील मंडळी मान डोलावतील. निर्देशांक हा पाश्चात्त्यांचा खेळ आहे, आपल्या मातीतली कल्पकता कुठल्याही फुटपट्टीत मावत नाही, असे ते म्हणतात आणि दाखला म्हणून दादाजी खोब्रागडे यांचे नाव घेतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड हे त्यांचे गाव. शाळा जेमतेम झालेल्या या शेतकऱ्याने ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे दाणे राखले, हंगामामागून हंगाम वेगळे पेरले आणि बारीक दाण्याचे एक नवे वाण सिद्ध केले. व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव दिले, एचएमटी. तो तांदूळ आज देशभर शिजतो. आपल्या कायद्यात वनस्पती आणि बियाण्यांना पेटंट मिळत नाही, त्यामुळे पेटंटच्या स्तंभात दादाजी कधी येणे शक्यच नव्हते. संशोधन-खर्चाच्या स्तंभातही त्यांच्या बांधीसाठी जागा नव्हती. २०१८ साली ते गेले, तेव्हा त्यांची आर्थिक ओढाताण संपलेली नव्हती.

पण या उदाहरणावरून ‘मोजूच नका’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे दादाजींवर पुन्हा अन्याय करणे होय. त्यांचे काम मोजता येत होते. वाण किती एकरांत पसरले, किती क्विंटल विकले गेले, बाजारात इतर तांदळापेक्षा किती जास्त भाव मिळाला, हे सगळे आकडे मिळवण्याजोगे होते. कुणी वेळेवर मिळवले असते, तर त्यांचा हक्क कागदावर मांडता आला असता. शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करणारा कायदा २००१ साली झाला, तोवर एचएमटी गावोगाव पोहोचला होता. मोजणी नाकारल्याने दुबळ्याचे भले होत नाही. ज्याची नोंद नाही, त्याचे श्रेय दुसरा सहज घेऊन जातो.

म्हणून माझे म्हणणे असे: दुसऱ्या देशांशी क्रमांक लावणे सोडावे आणि स्वतःची मोजणी नेमाने करावी. आयर्लंडने हे करून दाखवले. २०१५ साली बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा त्या देशात हलवली आणि त्याचे सकल उत्पादन एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी फुगले. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने त्या आकड्याची मिरवणूक काढली नाही. फुगवटा वगळून राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची सुधारित पद्धत बसवली आणि तो लहान आकडा दरवर्षी छापायला सुरुवात केली.

युरोपीय संघात कंपन्यांच्या नवोन्मेषाची पाहणी दर दोन वर्षांनी होते. गेल्या दोन-तीन वर्षांत नवे उत्पादन आणले का, प्रक्रिया बदलली का, अडथळा कशाचा आला, पैशाचा की माणसांचा, असे साधे प्रश्न असतात. आपल्याकडेही विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने २०२१-२२ मध्ये कारखानदारीची अशी पाहणी केली. आठ हजारांहून अधिक कंपन्यांना गाठले आणि साधारण चारांतली एक कंपनी काही नवे प्रत्यक्षात आणू शकली, असे आढळले. धोरण आखणाऱ्याला ३८ या आकड्यापेक्षा हे एक वाक्य कितीतरी अधिक उपयोगाचे आहे, कारण उरलेल्या तिघी कुठे अडल्या हे त्यावरून विचारता येते. ही पाहणी ठरावीक वर्षांनी झाली पाहिजे, तिच्यात छोटे कारखाने आणि शेती आली पाहिजे, पेटंटच्या तक्त्यात दाखल, मंजूर आणि वापरात आलेली असे तीन स्वतंत्र रकाने असले पाहिजेत. संशोधन-खर्चाचा आकडाही दोन-तीन वर्षे शिळा न होता त्याच वर्षात यायला हवा.

याची सुरुवात महाराष्ट्राने करावी. राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळात मांडला जातो. पुढच्या अहवालात इचलकरंजीचे माग, चाकणचे सुटे भाग आणि नागभीडचे धान यांत वर्षभरात काय नवे झाले, याचे एक मोजलेले प्रकरण असावे, अशी मागणी प्रत्येक आमदाराने सभागृहात करावी.