ताळेबंद बाईनेही वाचायचा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत बायकांच्या नावावर आता थोडाफार पैसा असतो. दुधाचा पगार, रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांतली कंत्राटी मजुरी, बचत गटातला वाटा. पण तो कुठे ठेवायचा हे बहुतेक घरांत अजून पुरुषच ठरवतो. 'चेअरमन आपल्यातला आहे', 'व्याज जरा जास्त आहे', एवढी चौकशी पुरेशी मानली जाते. संस्था बुडाली की मात्र अडते ते बाईचे औषधपाणी आणि मुलीचे शिक्षण.

म्हणून पहिला प्रश्न हा की, समोरची संस्था बँक आहे की पतसंस्था? सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. तिच्या ठेवींना विमा असतो आणि फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा दर ठेवीदारामागे, व्याज धरून, 5 लाख रुपये आहे. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येते. तिच्या ठेवींना हा विमा नाही. हे किती जणींना कोणी सांगितले आहे?

आणि बँक म्हणजे निर्धास्त, असेही नाही. पुण्याच्या शिवाजीराव भोसले सहकारी बँकेवर मे 2019 मध्ये निर्बंध आले. 71 कोटींहून अधिक रोकड कमी असल्याचे तपासणीत आढळले, संचालकांना अटक झाली, आणि 31 मे 2021 रोजी परवाना रद्द झाला. 2019 मध्येच मुंबईच्या पीएमसी बँकेत एका बांधकाम समूहाची थकीत कर्जे 21 हजारांहून अधिक बनावट खात्यांआड लपवल्याचे उघड झाले. या बँकांना संचालक मंडळ होते, लेखापरीक्षकही होते. कायदा 2020 आणि 2021 मध्ये सुधारला, पण तोवर ठेवीदार रस्त्यावर आले होते.

आपल्या बचत गटात पैसे सर्वांसमोर मोजले जातात, कर्ज बैठकीत ठरते, नोंद मोठ्याने वाचली जाते. मोठ्या संस्था यालाच अंतर्गत नियंत्रण म्हणतात. गटात जे आपण करतो, ते पतसंस्थेत का मागू नये?

कायदा बाजूने आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 नुसार सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. हा हक्क सभासदाचा आहे. त्यामुळे नुसत्या ठेवीदार राहू नका, सभासद व्हा. व्यवस्थापन समितीत 2 जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तिथे पुढाऱ्याची बायको किंवा सून सहीपुरती बसते, हे आपण पाहतोच. पण नुकसानीची चौकशी लागली की ज्या सहीने कर्ज मंजूर झाले तिला उत्तर द्यावे लागते. न वाचता सही करायला लावणे हाही अन्यायच आहे.

नियमांच्या जाचाने गरिबांची कर्जे बंद होतील, असे पुढारी म्हणतात. गरिबांना कर्ज जरूर द्यावे. संचालकांच्या नातलगांना किती दिले, ते मात्र सभेत वाचून दाखवावे.

आपल्या मागण्या साध्या आहेत. पतसंस्थेच्या ठेवींनाही विमा असावा. 'येथील ठेवींना विमा नाही' अशी पाटी तोवर दारावर लावावी. स्त्री संचालकांना ताळेबंद वाचण्याचे प्रशिक्षण सहकार खात्याने द्यावे. आणि येत्या वार्षिक सभेला प्रत्येक गटातून किमान दोघी जणींनी प्रश्न लिहून घेऊन जावे.