पोटरीवरच्या शिरा
उन्हाळ्यात हातावरच्या शिरा टरारून वर आल्या की काहींना उगाच धास्ती बसते. पातळ कातडी, कमी चरबी, व्यायाम, उतारवय. कारणं बहुधा एवढीच. आतलं रक्तही निळं नसतं, गडद लालच असतं. निळेपणा हा कातडीतून परतणाऱ्या उजेडाचा खेळ. पायांचं प्रकरण मात्र वेगळं. तासन्‌तास उभे राहणारे शिक्षक, आचारी, वाहतूक पोलीस (बायकांचा ओटा कोण मोजतो!) यांच्या पायांत रक्त खाली उतरू न देणाऱ्या झडपा सैल पडू शकतात, मग शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. घोट्याजवळ कातडी काळवंडली, जखम भरेना, तर डॉक्टरांना दाखवा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर तेल चोळू नका. आत गुठळी असू शकते. त्यात धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठा.